संगणकाचा पोशिंदा

परीक्षांचे निकाल लागले, कीं मध्यम स्थितींतील घरांतून एक विषय हमखास निघतो. मुलासाठीं संगणक घ्यावयाचा, तो तयार आणावयाचा कीं सुटे भाग आणून घरीं जुळवावयाचा? सुटे भाग जुळविण्यांत चार पैसे वांचतात, पुढें एखादा भाग बदलणें सोपें जातें, आणि मुलास यंत्राची आंतून ओळख होते. म्हणून या दुसऱ्या मार्गाकडे वळणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. अशा बाबतींत आमच्याकडे विचारावयास येणारे गृहस्थ बहुधा एक यादी घेऊन येतात. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, मेमरी किती, एसएसडी केवढी, पडदा किती इंचांचा, हें सर्व तींत बारकाईनें टिपलेलें असतें. अगदीं तळाशीं 'कॅबिनेट, एसएमपीएससह' असे दोनच शब्द असतात. आमची दृष्टि आधीं त्या दोन शब्दांकडे जाते, आणि वादास तेथूनच आरंभ होतो.

एसएमपीएस हें बाजारांत रूढ झालेलें आंखूड नांव. पूर्ण नांव स्विच मोड पॉवर सप्लाय. कॅबिनेटच्या मागील बाजूस जेथें विजेची जाड तार खोंचतात, ती पंखा बसविलेली पत्र्याची पेटी म्हणजेच हा पदार्थ. भिंतींतील विजेचा दाब २३० व्होल्ट, आणि तिचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करीत उलटसुलट वाहणारा. संगणकाच्या पोटांतील भागांस हवी असते ती १२, ५ आणि ३.३ व्होल्ट दाबाची, एकाच दिशेनें वाहणारी, स्थिर वीज. पोत्यांतून आलेलें धान्य निवडून, दळून, चाळून मगच तान्ह्या मुलाच्या पेजेस लागावें, तसा हा प्रकार आहे. ही निवडानिवड करणारें माणूस जर हलगर्जी असेल, तर बाळाची प्रकृति कितीही निकोप असली तरी ती किती दिवस टिकणार?

पूर्वीच्या रेडिओंत याच कामासाठीं लोखंडी पट्ट्यांचा अवजड ट्रान्सफॉर्मर असे. एसएमपीएसमध्यें घरांतील वीज प्रथम तशीच एकदिशा करून घेतात. तेव्हां तिचा दाब सुमारें ३२५ व्होल्ट होतो. मग ट्रान्झिस्टररूपी बटणें तिला सेकंदास कित्येक दहा हजार वेळां चालू-बंद करतात. आवर्तनें जितकीं जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो; म्हणून जें काम पूर्वी विटेएवढ्या वस्तूस लागे, तें आतां काडेपेटीएवढ्या वस्तूंत उरकतें. १९७७ सालीं निघालेल्या ॲपल-२ या संगणकासाठीं रॉड होल्ट यांनीं याच पद्धतीचा पुरवठा रचिला होता. १९८१ सालच्या आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरमधील पेटी अवघ्या ६३.५ वॅटची होती, हें आजच्या जाहिराती वाचणाऱ्यांस खरेंही वाटणार नाहीं. पुढें १९९५ सालीं इंटेल कंपनीनें एटीएक्स हें परिमाण ठरवून दिलें. त्यामुळेंच आज कोणत्याही कारखान्याची त्या मापाची पेटी कोणत्याही त्या मापाच्या कॅबिनेटांत बसूं शकते, आणि म्हणूनच निवड करण्याची जबाबदारीही आपल्यावर येऊन पडते.

आतां दुकानांत जाऊं. पेटीच्या अंगावर एक कागद चिकटविलेला असतो. त्यावर मोठ्या ठशांत छापलेला आंकडा वाचून बहुतेक गिऱ्हाइकें समाधान पावतात. आमचें सांगणें असें, कीं मोठा आंकडा क्षणभर हातानें झांकावा आणि खालचें बारीक कोष्टक वाचावें. त्यांत १२, ५, ३.३ असे निरनिराळे रकाने असून प्रत्येकाखालीं अँपियर दिलेले असतात. व्होल्ट गुणिले अँपियर म्हणजे वॅट. चौथीच्या मुलासही हा गुणाकार येतो. समजा, वर ४५० वॅट असें झळकत आहे आणि १२ व्होल्टांच्या रकान्यांत १६ अँपियर लिहिले आहेत. बारा सोळें एकशें ब्याण्णव. म्हणजे या दाबानें मिळणारी वीज १९२ वॅटच. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टांच्या रकान्यांत मांडून बेरीज फुगविलेली. एक काळ असा होता, कीं संगणक आपली बरीचशी वीज ५ आणि ३.३ व्होल्टांनींच घेत असे, व तेव्हां अशी बेरीज निरर्थक नव्हती. परंतु २००० सालच्या सुमारास प्रोसेसरसाठीं १२ व्होल्टांची निराळी चौकोनी जोडणी आली, आणि आज प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे खादाड १२ व्होल्टांवरच पोसले जातात. तेव्हां खरी योग्यता या एका रकान्यांत पाहावी. चांगल्या ४५० वॅटच्या पेटीवर तेथें ३६ अँपियरांच्या आसपास आंकडा सांपडतो, गुणाकार ४३२. नांव एक, आंकडा एक, आणि देणें निम्म्याहूनही कमी, अशा दोन पेट्या एकाच फळीवर शेजारीं शेजारीं मांडलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. कांहीं कोष्टकांत १२ व्होल्टांचे दोन रकाने असतात. त्यांची आपण होऊन बेरीज करूं नये. दोहोंचें एकत्रित सामर्थ्य वॅटमध्यें बहुधा त्याखालीं दिलेलें असतें, तें पाहावें.

घरच्या संगणकास लागते तरी किती वीज? येथें बाजाराची भीति आणि हौस दोन्ही अतोनात आहेत. अभ्यास, पत्रव्यवहार, हिशेब, चित्रपट पाहणें आणि दूरदेशीं असलेल्या मुलांशीं बोलणें एवढ्यासाठीं जो संगणक, त्यांत निराळें ग्राफिक्स कार्ड लागत नाहीं. रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो व कामाच्या ऐन भरांत ८८ वॅटपर्यंत घेतो. मदरबोर्ड, मेमरी, पंखे यांस तीस-चाळीस वॅट धरावे; एसएसडीस चार-पांच. जुन्या पद्धतीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क चालू असतां सहा-आठ वॅट घेते, पण तबकडी प्रथम फिरूं लागते त्या क्षणीं वीस-पंचवीसही मागते. एकूण बेरीज दीडशें-एकशें साठांच्या पुढें जात नाहीं, आणि नुसतें लिहिण्यावाचण्याचें काम चालू असतां तर पन्नास-साठांतच भागतें. मुलास खेळांची आवड आहे व आरएक्स ६६०० सारखें कार्ड बसवावयाचें आहे, तर त्याचे १३२ वॅट अधिक मांडावे. तरीही तीनशेंच्या आंत आपण राहतों. अशीं कार्डें क्षणमात्र आपल्या मर्यादेबाहेर उडी घेतात, म्हणून वर तिसरा हिस्सा मोकळा ठेवावा. म्हणजे खरे ४५० वॅट देणारी पेटी या दुसऱ्या संगणकासही पुरते. ६५० आणि ७५० वॅट घेण्याचा आग्रह करणाऱ्या विक्रेत्यास कारण विचारावें. तें सांगतां न आल्यास पुढें चालूं लागावें.

उलट बाजूचाही एक गैरसमज आढळतो. मोठी पेटी घेतली तर विजेचें बिल वाढेल, अशी धास्ती कित्येक गृहिणी व्यक्त करतात. तसें होत नाहीं. पाण्याची टांकी मोठी म्हणून घरांत पाणी अधिक वापरलें जातें असें नाहीं. संगणक मागेल तेवढेंच ही पेटी देते. बिलाशीं संबंध आहे तो पेटी किती वीज वाया घालविते याचा. भिंतींतून घेतलेली सर्व वीज पुढें पोंचत नाहीं; कांहीं उष्णता होऊन पंख्यावाटे बाहेर पडते. हें मोजण्यासाठीं २००४ सालीं 'एटी प्लस' हें प्रमाणपत्र सुरू झालें व २००८ सालीं त्यांत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आल्या. अर्धा भार असतां साध्या पायरीनें शेंकडा ८०, ब्राँझनें ८५ आणि गोल्डनें ९० वीज पुढें पोंचवावी असा नियम आहे. ही सामान्य परीक्षा अमेरिकेच्या ११५ व्होल्टांवर होते. आपल्या २३० व्होल्टांवर आंकडे किंचित् बरेच येतात.

सोन्याचें नांव ऐकून मोह पडणें स्वाभाविक आहे. पण आधीं हिशेब करून पाहावा. संगणक सरासरी ६० वॅट घेतो आणि दररोज सहा तास चालतो, असें धरूं. शेंकडा ८० देणारी पेटी भिंतींतून ७५ वॅट ओढील, ८५ देणारी सुमारें ७०.६, आणि ९० देणारी ६६.७. वर्षाचे तास २१९०. म्हणजे साध्यावरून ब्राँझवर गेल्यानें वर्षास दहा युनिटांहून थोडे कमी वांचतील, आणि ब्राँझवरून गोल्डवर गेल्यानें आणखी साडेआठ. युनिटास दहा रुपये धरले तरी वर्षाकांठीं शंभराच्या आंतबाहेर. गोल्डसाठीं जादा मोजलेले दीड-दोन हजार भरून निघण्यास नातवंडें शाळेंत जावीं लागतील! रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी. आमच्या मतें काटकसरीच्या घरीं ब्राँझवर थांबणें शहाणपणाचें, आणि तेंही बिलाच्या बचतीसाठीं नव्हे. एवढी काटेकोर वीज देण्यास आंतील भाग बरे वापरावेच लागतात, हा त्या पदकाचा खरा उपयोग. मात्र तें पदक सुरक्षिततेची परीक्षा घेत नाहीं, हें विसरूं नये.

या सुरक्षिततेविषयींच आम्हांस अधिक लिहावयाचें आहे. चांगल्या पेटींत शॉर्ट-सर्किट झाल्यास, दाब फाजील वाढल्यास किंवा घटल्यास, प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपण होऊन बंद पडण्याची योजना असते. तिन्ही दाब ठरलेल्या आंकड्याच्या शेंकडा पांच वरखालीं राहावे, म्हणजे १२ चा दाब ११.४ ते १२.६ यांच्या आंतच असावा, आणि त्यावरील बारीक लहरी १२ व्होल्टांवर १२० मिलिव्होल्टांहून अधिक नसाव्या, असें एटीएक्सचें बंधन आहे. कॅबिनेटसह फुकटांत येणाऱ्या, किंवा सुटी घेतल्यास सहा-सातशें रुपयांस मिळणाऱ्या पेटींत हीच काटछांट झालेली असते. आंत येणारी वीज गाळणारीं वेटोळीं व कपॅसिटर यांच्या जागा पाटीवर आंखलेल्या असतात, पण भाग बसविलेलेच नसतात; तारा बारीक, कपॅसिटर लहान. वर्ष-दोन वर्षें अशी पेटी तक्रारीविना चालते, आणि म्हणूनच तिचा पक्ष घेणारे पुष्कळ भेटतात. ती जातांना एकटी जात नाहीं, ही अडचण आहे.

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त शिक्षक आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करीत होते. गांवोगांवच्या शाखांस पत्रें, जुन्या वह्या, क्षेत्रोपाध्यायांकडील नोंदींच्या नकला, वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकती, असें सात वर्षांचें काम त्यांनीं संगणकावर उतरविलें होतें. संगणक घेतांना कॅबिनेटसह आलेल्या पेटीबद्दल त्यांनीं विचारही केला नव्हता. करण्याचें कारणही त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. एका संध्याकाळीं फट् असा आवाज झाला, जळका वास आला. पेटी गेली, तिच्यामागें मदरबोर्ड, आणि त्याच्यामागें हार्ड डिस्कवरील पाटी. पुतण्यास छपाई तपासण्यासाठीं पाठविलेली पहिल्या तीन शाखांची प्रत तेवढी हातीं राहिली. उरलेल्या शाखांपैकीं ज्या वृद्धांनीं माहिती सांगितली होती, त्यांतील दोघे तोंवर निवर्तले होते. नवा मदरबोर्ड मिळतो. त्या दोघांच्या आठवणी कोठून आणावयाच्या? दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवावयास हवी होती हें तर खरेंच. परंतु अडीच-तीन हजारांची पेटी असती तर बहुधा ती एकटीच जळून शांत झाली असती.

आतां आमच्या भगिनींसाठीं चार शब्द, कारण धूळ पुसण्याचें काम अजूनही बहुधा त्यांच्याकडेच असतें. कॅबिनेटच्या पत्र्यास हात लागतां बारीक झिणझिण्या येतात, अशी तक्रार जुन्या वाड्यांतून व चाळींतून ऐकूं येते. याचें कारण अर्थिंगचा अभाव. पेटींतील गाळणीचे दोन लहान कपॅसिटर विजेच्या दोन्ही तारांवरून पत्र्यास जोडलेले असतात. पत्रा जमिनीस जोडलेला नसेल, तर त्यावर घरच्या दाबाच्या निम्मा, सुमारें ११५ व्होल्टांचा दाब बसतो. प्रवाह अत्यल्प असल्यानें चटका मोठा नसतो; पण गाळणींत किंवा आंत कोठें बिघाड झाला, तर तोच पत्रा प्राणघातक होऊं शकतो. तीन पायांच्या पिनेचा जाड पाय तोडून किंवा दोन पायांची मधली पिन लावून संगणक चालविण्याची जी रीत घरोघर दिसते, ती मुलाबाळांच्या घरांत तरी बंद व्हावी. यास उत्तम एसएमपीएस हा उपाय नव्हे. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेणें हाच उपाय होय. तो खर्च संगणकाच्या अंदाजपत्रकांतच धरावा.

वीज जाण्याचा त्रास ज्या गांवीं आहे, तेथें इन्व्हर्टरचाही विचार करणें प्राप्त आहे. भिंतींतील वीज तुटल्यावर चांगली पेटी पोटांतील सांठ्यावर सुमारें १६ मिलिसेकंद तग धरते. यूपीएस साधारण दहांच्या आंत जोडणी बदलतो, म्हणून संगणकास पत्ता लागत नाहीं. घरगुती इन्व्हर्टरवर मात्र दोन स्थितींचें बटण असतें. यूपीएसच्या स्थितींत तो तितकाच चपळ. दुसऱ्या स्थितींत तो इतका वेळ घेतो, कीं पंखा व दिवा यांस कांहीं न होतां संगणक मात्र बंद पडून पुन्हां सुरू होतो. तें बटण पाहिल्यावांचून पेटीस दोष देऊं नये. जुन्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर कांहीं चांगल्या पेट्याही कुरकुरतात. नवा घेणार असल्यास शुद्ध साइन लहरींचाच घ्यावा.

उष्णतेचें काय? पेटींतील कपॅसिटरांत द्रव असतो, आणि तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं त्यांचें आयुष्य सुमारें निम्मे होतें असा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. अकोला-नागपूरकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांस टेंकतो, त्या खोलींत पेटीच्या आंत काय होत असेल याची कल्पना करावी. १०५ अंशांचे कपॅसिटर असलेली पेटी ८५ अंशांच्या पेटीहून तेथें पुष्कळ बरी. पूर्ण सामर्थ्य कोणत्या तपमानापर्यंत दिलें आहे, हेंही कांहीं कारखाने छापतात. ४० किंवा ५० अंश लिहिलें असेल तर उत्तम, २५ असेल तर तें आपल्या देशासाठीं लिहिलेलें नव्हे. कोंकणांत उष्म्यापेक्षां दमट हवा आणि पाली यांचा उपद्रव अधिक. उबेसाठीं आंत शिरलेल्या पालीनें पेटी आणि स्वतः, दोघांचाही शेवट केल्याचीं उदाहरणें दुरुस्ती करणारे सांगतात.

कित्येक कुटुंबें कचेऱ्यांतून निघालेले नामांकित कारखान्यांचे जुने संगणक स्वस्तांत घेतात, आणि सौदा पुष्कळदां चांगलाच असतो. फक्त त्यांतील पेटी व तिच्या जोडण्या त्या त्या कारखान्याच्या निराळ्या असूं शकतात. बाजारची एटीएक्स पेटी त्यांत बसेलच असें नाहीं. पुढें कार्ड घालण्याचा बेत असल्यास हें आधीं पाहावें. अमेरिकेहून परततांना कोणीं आपला जुना संगणक बरोबर आणला असेल, तर पेटीच्या मागें ११५ व २३० असें लिहिलेलें लाल सरकतें बटण आहे का, तें पाहावें. ११५ वर राहिलेलें बटण आपल्याकडील विजेस जोडलें, तर स्फोटासारखा आवाज होऊन सर्व आटोपतें. १०० ते २४० असें छापलेलें असेल तर चिंतेचें कारण नाहीं.

जोडणी करतांना तारा कमी पडल्या, तर जुन्या चौपदरी जोडणीवरून सॅटा काढणारे सांच्यांत ओतलेले स्वस्त तुकडे लावूं नयेत. त्यांत तारा एकमेकींस टेंकून पेट घेतल्याचें अनेकदां घडलें आहे. सुट्या होणाऱ्या तारांच्या पेट्यांत एकीच्या तारा दुसरीस लावूं नयेत. संगणकाकडील टोंक सारखें असलें तरी पेटीकडील टोंकांतील क्रम प्रत्येक कारखान्याचा वेगळा असतो, आणि चूक एका क्षणांत सर्व हार्ड डिस्का घेऊन जाते. पेटी मुलांस कुतूहलानेंसुद्धां उघडूं देऊं नये. तार काढल्यावरही आंतील मोठ्या कपॅसिटरमध्यें ३२५ व्होल्ट दबा धरून बसलेले असूं शकतात.

राहिला प्रश्न दुकानदाराचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या बुधवारांत काय, कॅबिनेट आणि पेटी एकत्रच देण्याकडे त्याचा कल असतो. 'कॅबिनेट एसएमपीएसशिवाय द्या, आणि त्याची किंमत वजा करा,' असें स्पष्ट सांगावें. प्रथम तो नाहीं म्हणेल. मग चारशें-पांचशें रुपये उतरवील. त्यांत भर घालून, १२ व्होल्टांचा रकाना वाचून, तीन किंवा पांच वर्षांची हमी असलेली ४५० वॅटची पेटी मागावी. अडीच ते साडेतीन हजारांच्या दरम्यान ती मिळते. हमी आहे ती पेटीवरील क्रमांकाची, म्हणून तो क्रमांक बिलावर त्याच वेळीं लिहून घ्यावा आणि बिलाचें छायाचित्र काढून ठेवावें. तीन वर्षांनीं त्या कागदावरील शाई उडालेली असते.